जुनी एनॅमल पाटी हाती आली की आधी काय कराल?

बारामतीतल्या आमच्या जळोचीत एखादे जुने घर उतरवायला घेतले की माझ्याकडे पाट्या यायला लागतात. कुणाच्या गोठ्यात गव्हाणीची फट बुजवायला ठोकलेली असते, कुणी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला झाकण म्हणून लावलेली असते, तर कुणी ती भंगारवाल्याच्या वजनकाट्यावरून परत उचलून आणलेली असते. निळा किंवा पांढरा चकचकीत पत्रा, त्यावर अक्षरे नाहीतर नुसते आकडे, आणि कडेला टवके उडालेले. पाटी आणणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले. खरी जुनी आहे का? घासून काढू का? विकली तर पोलीस विचारतील का? अमेरिकेतल्या मुलाला पाठवता येईल का?

घासण्याबद्दल आधी बोलतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. माझ्याकडे आलेली पहिली पाटी टांग्याच्या परवान्याची होती. निळी कड, मधे पांढरे अंग, त्यावर तीन आकडे. गंज जावा म्हणून मी तिला संडास धुण्याचे ॲसिड लावले. गंज थोडासा गेला, पण चकाकी कायमची मेली. खालच्या कडेला बनवणाऱ्याचे नाव बारीक अक्षरात होते. ते आज बोटाला जाणवते, पण वाचता येत नाही. ती पाटी कुठल्या कारखान्यात भाजली गेली, हे सांगणारी तेवढी एकच ओळ होती. म्हणून पाटी हाती आली की ती सुक्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि मग पुढचे वाचा.

ही पाटी नेमकी कशाची?

लोक तिला ‘चिनी मातीची पाटी’ म्हणतात. इंग्रजीतही ‘पोर्सेलिन’ हाच शब्द चालतो, म्हणून गोंधळ होतो. प्रत्यक्षात ती लोखंडी पत्र्यावर वितळवलेली काच असते. काचेची पूड पाण्यात कालवून पत्र्यावर चढवायची आणि साधारण ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजायची. प्रत्येक रंगाचा थर वेगळा चढतो आणि वेगळा भाजला जातो. घरातल्या जुन्या एनॅमलच्या मगाचा टवका उडाला की खाली काळे दिसते, तो पत्र्याला धरून बसणारा पहिला थर. पाटीतही तोच असतो. तो कसा दिसतो हे लक्षात ठेवा, खरी-खोटी ओळखताना त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या भागात काय सापडते, काय नाही

परदेशातल्या संग्राहकांचे पाहून काही वाचक ‘टोलरस्त्याच्या गाडीच्या पाट्या’ शोधायला निघतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर धाकट्या विल्यम व्हँडरबिल्ट यांनी १९०८ मध्ये मोटारींसाठी खासगी टोलरस्ता सुरू केला. तो १९३८ मध्ये बंद पडला. त्या रस्त्याच्या पाट्यांवर तिकडचे संग्राहक जीव टाकतात. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ मध्ये दिलेल्या मोटारीच्या पाट्याही एनॅमलच्याच होत्या. तशी वस्तू बारामती-इंदापुरात शोधत बसू नका.

टोल आपल्याकडे त्याहून जुना आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला आणि त्यावर टोल बसला. पण आपल्या नाक्यावर माणसाच्या हाती यायची ती कागदाची पावती. पाटी असायची नाक्याच्या खांबावर. १८५१ च्या टोल कायद्यानेच दराचा तक्ता इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत नाक्याजवळ लावण्याची सक्ती केली होती. असा तक्ता मिळाला तर ते मोठे भाग्य. बाकी आपल्या पट्ट्यात सापडण्याजोगे असे:

- टांगा, भाड्याची गाडी, हातगाडी यांच्या परवान्याच्या पाट्या.
- नगरपालिकेच्या सायकल कराचे बिल्ले. हे बहुधा पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात, एनॅमलचे क्वचित. वर्षागणिक आकार बदलत असल्याने संग्रहाची सुरुवात इथून करावी, असे माझे मत आहे. पैसे कमी लागतात आणि बनावट मालही कमी असतो.
- रेल्वेच्या पाट्या. दौंड-बारामती ही छोटी लाइन १९१४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तशा पाट्या या भागात फिरत असतात. पण त्यांच्याबाबत पुढचा कायद्याचा भाग वाचल्याशिवाय हात लावू नका.
- जाहिरातीच्या पाट्या: चहा, साबण, रॉकेल, टायर.
- ऊसवाहतुकीच्या बैलगाड्यांचे पत्र्याचे नंबर. हे रंगवलेले असतात, भाजलेले नसतात. बाजारात त्यांना मोल नाही. तरीही मी ते ठेवतो, कारण भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या रस्त्यांवर कोण किती वर्षे राबले याची दुसरी खूण उरलेली नाही.

पाटी वाचा, काळ तीच सांगेल

विकणारा हमखास ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतो. त्याचे ऐकून घ्या आणि पाटीवरचा शब्द न् शब्द स्वतः वाचा.

*पैसे.* दर आणे-पैत असतील तर पाटी बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिले असेल तर काळ १९५७ ते १९६४ मधला. १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द अधिकृतपणे गळला.

*कार्यालयाचे नाव.* ‘जिल्हा लोकल बोर्ड’ म्हणजे १९६२ पूर्वीची, कारण त्या वर्षी जिल्हा परिषदा आल्या. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीची. पुण्याच्या संदर्भात ‘म्युनिसिपालिटी’ असेल तर १९५० पूर्वीची, कारण फेब्रुवारी १९५० मध्ये तिथे महापालिका झाली.

*रेल्वे.* ‘जी. आय. पी.’ ही अक्षरे नोव्हेंबर १९५१ पर्यंतची. त्यानंतर मध्य रेल्वे झाली.

*कंपनी.* ‘बर्मा शेल’ ही कंपनी भारतात १९२८ मध्ये उभी राहिली आणि १९७६ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे ‘१९१५ ची बर्मा शेल पाटी’ कुणी दाखवली तर नमस्कार करून निघा.

*पत्ता.* पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पिनकोड असलेली पाटी त्याआधीची असूच शकत नाही.

*गाडीचा नंबर.* ‘एमएच’ आणि आकडा ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या आपल्याकडच्या मोटारींच्या पाट्या बहुतेक रंगवलेल्याच असत. एनॅमलची जुनी मोटारपाटी कुणी दाखवली तर जास्त सावध व्हा.

*बनवणारा.* खालच्या कडेला बारीक अक्षरे असतील तर भिंगाने पाहा. बर्मिंगहॅमची पेटंट एनॅमल, वुल्व्हरहॅम्प्टनची क्रोमोग्राफिक, कोलकात्याची सूर एनॅमल किंवा बेंगॉल एनॅमल अशी नावे आढळतात.

एक काळजी घ्या. या खुणा पाटीवर काय लिहिले ते सांगतात, ती कधी भाजली हे पक्के सांगत नाहीत. कार्यालयांनी जुने नाव बरीच वर्षे चालवलेले असते, आणि नक्कल करणाराही हेच वाचून बसलेला असतो. म्हणून लिखाणानंतर पत्रा तपासायचा.

खरी की नवी बनवलेली?

उजेडात, दुकानाबाहेर आणून पाहा. विकणारा बाहेर आणू देत नसेल तर तिथेच थांबा.

१. लोहचुंबक लावा. एनॅमलच्या पाटीला तो चिकटला पाहिजे. न चिकटल्यास पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि तशी ‘जुनी एनॅमल पाटी’ मानू नका.

२. डोळे मिटून अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. जुन्या पाटीत प्रत्येक रंगाचा थर वेगळा असल्याने नखाला पायरी लागते. छापलेल्या पाटीत सगळे सपाट.

३. टवके कुठे उडालेत ते पाहा. खऱ्या पाटीचे टवके खिळ्यांच्या भोकांभोवती आणि कोपऱ्यांवर असतात, कारण तिथेच ताण आला आणि तिथेच मार बसला. नक्कल करणारा हातोडीने मधोमध, दिसायला छान अशा जागी टवके पाडतो.

४. टवक्याच्या आत बघा. पांढऱ्याखाली गडद थर, त्याखाली काळपट, गुळगुळीत झालेला गंज हे चांगले लक्षण. नारिंगी, बोटाला लागणारा ताजा गंज म्हणजे पाटी मिठाच्या पाण्यात किंवा मातीत पुरून ‘म्हातारी’ केली असावी.

५. भोके पाहा. जुन्या पाटीला भोके आधी पाडत आणि मग ती भाजत, म्हणून भोकाच्या कडेवरही मुलामा चढलेला असतो. ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड कोरी आणि धारदार राहते.

६. पाठ पाहायला विसरू नका. नक्कल करणारा पुढच्या बाजूवर जीव ओततो आणि पाठीमागे कंटाळा करतो. जुन्या पाटीची पाठही मुलामा दिलेली असते आणि तिच्यावर लाकडाचा किंवा भिंतीचा डाग पडलेला असतो.

७. रंग भरून दुरुस्ती केल्याचा संशय आला तर मालकाच्या परवानगीने कोपऱ्यावर कापसाने थोडे थिनर लावा. भाजलेल्या काचेला काही होत नाही, वरून लावलेला रंग कापसावर येतो.

हे सगळे पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, गर्दीत आणि घाईत करणे अवघड जाते, हे मान्य. मग त्या दिवशी घेऊ नका, फोटो काढा आणि घरी येऊन वाचा. हातची गेली तर जाऊ द्या.

ती विकणाऱ्याची आहे का?

खरी-खोटी ओळखण्यात लोक जितका वेळ घालवतात, त्याच्या एक दशांशही मालकी तपासण्यात घालवत नाहीत. अडचणीत येतात ते मात्र इथेच.

*रस्त्यावर उभी असलेली पाटी काढायची नाही.* मैलाचा दगड, नाक्याचा फलक, पुलावरची पाटी पडीक दिसली तरी ती सरकारी मालमत्ता आहे. काढणे ही चोरी, तोडणे म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान, त्याला १९८४ चा वेगळा कायदा आहे.

*ग्रामपंचायतीची पाटी.* ‘गावचीच आहे, घेऊन जा’ असे कुणी म्हणाले म्हणून ती तुमची होत नाही. आमच्या जळोचीचेच घ्या. गाव बारामती नगरपरिषदेत गेले, तेव्हा ग्रामपंचायतीची मालमत्ताही नगरपरिषदेची झाली. आता तशी पाटी देण्याचा अधिकार ना जुन्या सदस्याला, ना शिपायाला. निर्लेखन करून लिलाव झाला असेल तर त्याची पावती असणार. ती मागा.

*रेल्वेची पाटी.* इथे फार जपा. १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा कडक आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती रीतसर आली हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते. त्या लिलावाचा कागद किंवा त्या कागदापर्यंत पोचणारी पावत्यांची साखळी नसेल, तर ‘जी. आय. पी.’ कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी भंगारवाल्याकडून वजनावर अशी पाटी घेतली, आणि चौकशी आली तेव्हा भंगारवाल्याने ओळखही दाखवली नाही. पाटी गेली, हेलपाटे उरले.

*चोरीचा माल.* भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला कारण असताना घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘कारण असताना’ हे शब्द नीट वाचा. रात्री घरी येऊन निम्म्या किमतीत देणारा माणूस हेच कारण ठरू शकते.

पोलिसांनी पाटी जप्त केलीच तर वाद घालू नका, पण पंचनाम्याची प्रत मागा आणि पाटीचे टवके, आकडे, माप त्यात लिहून घ्यायला लावा. परत मिळताना तीच पाटी मिळाली हे त्यावरूनच ठरते.

पावती अशी घ्या

कोऱ्या कागदावर चार ओळी पुरतात. नमुना असा:

‘मी, (नाव, पत्ता), माझ्या मालकीची एनॅमलची लोखंडी पाटी, माप __ x __ इंच, मजकूर “____”, डाव्या कोपऱ्यात दोन टवके, श्री./श्रीमती ____ यांना रुपये ____ ला विकली. ही पाटी मला ____ येथून ____ साली ____ प्रकारे मिळाली. ती चोरीची किंवा सरकारी मालकीची नाही. ती अंदाजे ____ काळातील जुनी आहे, नवी नक्कल नाही. तारीख, सही.’

शेवटची दोन वाक्ये लिहायला विकणारा का-कू करतो. त्याने ती लिहिली नाहीत तर किंमत नक्कलेच्या हिशेबाने द्या, किंवा सोडून द्या. पैसे यूपीआयने दिलेत तर तारखेचा पुरावा आपोआप राहतो.

दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली ‘जुनी’ पाटी नवी निघाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करा. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, मुंबईच्या चोर बाजारातल्या दुकानासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. मात्र शेजाऱ्याने घरची पाटी एकदाच विकली असेल, तर तो व्यापारी नव्हे आणि हा कायदा तिथे लागू होत नाही. तिथे आधार फक्त वरच्या कागदाचा.

शंभर वर्षांचा प्रश्न आणि परदेश

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांची झाली की ती ‘पुरावस्तू’ ठरते. घरात ठेवायला बंदी नाही. सक्तीची नोंदणी आहे ती मूर्ती, शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची, पाट्यांची नाही. पण पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. मुलाला कुरिअरने पाठवणे असो, सुट्टीवर आलेल्या सुनेच्या बॅगेत ठेवणे असो, कायद्याला दोन्ही सारखेच. शंभरपेक्षा कमी वर्षांची असल्याची खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्या. विमानतळावर कस्टमवाल्याला तोंडी समजावून काम होत नाही.

जुन्या गाडीला जुनी पाटी लावून रस्त्यावर जाण्याची हौस काहींना असते. ते चालत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मूळ पाटी घरात भिंतीवर ठेवा.

जपणूक

- कोमट पाणी, दोन थेंब साधा साबण, मऊ सुती कापड. राख, वाळू, तारेचा काथ्या, भांड्यांची पावडर, ॲसिड काही नाही. पाटी थंड असताना कढत पाणी ओतले तर काच तडकते.
- हातमोजे घाला. टवक्याची कड म्हणजे काचेची कड. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे, कॅडमियम असू शकते, म्हणून पॉलिश पेपरने घासून धूळ उडवू नका.
- पुसून पूर्ण वाळवा आणि उघड्या लोखंडावर मेणाचा पातळ हात फिरवा. रंग भरू नका, टवका तसाच राहू द्या.
- भिंतीवर लावताना स्क्रू आणि पाटी यांच्यामध्ये रबराचा वायसर घाला. स्क्रू अंगाबरोबर आवळला की काच उडते. भिंत ओलीची नको.
- एकावर एक रचू नका. रचावीच लागली तर मधे कापड घाला.

द्यायची झाली तर

किमतीचा आकडा मला विचारू नका. दुसऱ्याला मिळालेली रक्कम तुमच्या पाटीला लागू होत नाही. मजकूर, भाषा, टवक्यांची जागा आणि कागद यांवर ती ठरते. मराठीतल्या पाट्या पूर्वी कोणी विचारत नसे, कारण गिऱ्हाईक इंग्रजी अक्षरे मागत असे. मला त्या अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्या इथल्या माणसाने वाचाव्यात म्हणून बनवल्या गेल्या.

संग्रहालयाला द्यायची तर आधी पत्र लिहा, फोटो जोडा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, मुंबईत अणिक आगारात बेस्टचे वाहतूक संग्रहालय आहे. घेतीलच असे नाही, जागेचा प्रश्न सगळ्यांना असतो. पाटीबरोबर ती कुठे होती हे लिहिलेला कागद दिलात तर पत्राला वजन येते.

तो कागद आजच करा. माझ्या वहीत प्रत्येक पाटीला एक पान आहे: पुढचा-मागचा फोटो, माप, मजकूर, कुणाकडून आली, आणि ‘कुठे लावलेली होती’. टांग्याच्या पाटीच्या पानावर ही शेवटची जागा बरीच वर्षे कोरी होती. ज्या घरातून ती आली तिथल्या आजींना मी उशिरा विचारले. टांगा त्यांच्या सासऱ्यांचा, तो स्टेशनवर उभा राहायचा, पाटी डाव्या अंगाला, कंदिलाखाली. मी तेवढे लिहिले, तारीख घातली आणि त्यांच्या नातवाची सही घेतली.